घरचा आहे

थोरल्याच्या बढतीचं जेवण दुपारचं ठेवायचं हे थोरल्या वहिनीनं ठरवलं होतं, आणि तिनं ठरवलेल्या गोष्टीवर या घरात अपील नसे. रात्रीचं ठेवलं की पुरुष माणसं 'बसतात' आणि एकदा बसली की उठत नाहीत, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव. दुपारी निदान उन्हाला तरी लाजतील, असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला. पुलापलीकडच्या त्या हॉलला मागच्या बाजूला एक खोली होती, खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. पहिली ताटं वाढायच्या आत निम्मं पोलीस ठाणं त्या दाराआड गडप झालं.

वहिनी चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता पाहुण्यांना बसवत होती. तिला सलत होता तो नवऱ्याचा शर्ट. नव्या हुद्द्याचा नवा युनिफॉर्म घालून थोरला आज मिरवणार होता. त्याऐवजी तो जुन्या पांढऱ्या शर्टात हिंडत होता आणि पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलं होतं. गावात खाकी शिवावी ती पुलाच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंपीणकाकूंनी, आणि काकूंनी महिनाभर खाकी कापडाला हात लावलेला नव्हता.

त्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका पहाटे धाकट्याच्या गाडीनं काकूंच्या दुकानाची काच फोडली आणि थेट शिलाईच्या मशिनीला जाऊन भिडली. धाकटा म्हणजे थोरल्याचा सख्खा भाऊ, वायरलेसवर बसणारा साधा शिपाई. ड्यूटी संपवून साध्या कपड्यांत घरी निघालेला. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, उतरला तो झोकांड्या खातच उतरला. मग ठाण्याची गाडी आली, तिच्यातून ढोल्या हवालदार उतरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "घरचा आहे, जाऊ द्या." ना त्यानं तोंडाचा वास घेतला, ना फुंकणी लावली. फुंकणी म्हणजे दारूचा संशय आला की ज्यात फुंकायला लावतात ते यंत्र. त्याला एक लांबलचक खरं नाव आहे, पण ते फक्त कागदावर असतं.

तेव्हापासून गावाला खेळायला एक शब्द मिळाला. सिग्नल तोडणाऱ्या पोराला अडवलं की तो छाती काढून म्हणे, "घरचाच आहे मी!" पोलिसांची गाडी दिसली की रिक्षावाले एकमेकांना ओरडून सांगत, "सरका रे, घरचे आले!" आणि काकूंनी फुटक्या काचेच्या जागी फळी ठोकून तिच्यावर खडूनं लिहिलं होतं: 'दुकान चालू आहे. घरच्यांनी गाडी बाहेर लावून यावे.'

मधली, म्हणजे या दोघांची बहीण, आली ती युनिफॉर्मवरच. लहानपणी तिनं वडिलांची, म्हणजे आप्पांची, शिट्टी पळवून अख्ख्या गल्लीची रहदारी थांबवली होती, म्हणून घरात तिचं नाव शिट्टी. आता ती वाहतुकीची फौजदार होती आणि रहदारी थांबवण्याचा तिला पगार मिळत होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

"वन्सं, आजच्या दिवशी तरी साधे कपडे घालायचे," वहिनी म्हणाली.

"पुलावर ड्यूटी आहे वहिनी. दोन घास खाते आणि पळते."

"बदलून नाही मिळाली?"

"मिळत होती. मीच नको म्हटलं."

वहिनीच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. शिट्टी सहसा काही नको म्हणत नसे, आणि म्हणाली की तिच्या मनात काहीतरी शिजत असे. पण तेवढ्यात आणखी पाहुणे आले आणि वहिनीला पुढं व्हावं लागलं.

धाकटा भिंतीकडेच्या टेबलाशी बायकोबरोबर बसला होता. गेला महिनाभर सगळे त्याच्याशी फार प्रेमानं वागत होते, आणि त्या प्रेमानंच तो अर्धमेला झाला होता. कुणी त्याला रागावलं नाही. कुणी टोमणा मारला नाही. थोरली वहिनी त्याच्या ताटात गोड जरा जास्तच वाढायची. आप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि लगेच हवापाण्याचा विषय काढायचे. ठाण्यात त्याला हलकं काम दिलं होतं, जणू तो आजारातून उठला होता. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. प्रेमाशी माणूस काय भांडणार?

मागच्या खोलीचं दार उघडलं. थोरला बाहेर आला, मागोमाग ढोल्या आणि आणखी चारपाच जण. थोरल्याचा चेहरा तुकतुकीत झाला होता. त्यानं येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला.

"असा सुतक्यासारखा का बसलायस रे? मी वर बोललोय. तुझं प्रकरण मिटलं. गाव काय, चार दिवस बोलतं आणि दमतं."

"अहो, मी होतो म्हणून बरं," ढोल्या म्हणाला. तो मनानं खरोखर चांगला माणूस होता, आणि हीच त्याच्या बाबतीतली अडचण होती. "दुसरा कुणी असता तर त्याला भर रस्त्यात फुंकायला लावलं असतं."

"लावायला हवं होतं," धाकट्याची बायको, धाकटी, म्हणाली.

ती थोरल्या दिरापुढं सहसा बोलत नसे. त्यामुळं थोरल्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हणालीस?"

"फुंकायला लावायला हवं होतं. हे प्यायलेच नव्हते."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदम समजूतदार चेहरे केले. धाकटीनं ते चेहरे पाहिले आणि तिचा बांध फुटला.

"हे बघा, हेच! हाच चेहरा! मी औषधाच्या दुकानात बसते. गिऱ्हाईकं मला विचारतात, मिस्टरांसाठी उतरवायला काही नेता की नाही? त्यांचं एक वेळ जाऊ दे, ती परकी माणसं. पण तुम्ही? दादा, तुम्ही विचारलंत ह्यांना? जाऊबाई, तुम्ही? आप्पा, तुम्ही? 'प्यायला होतास का रे,' एवढं तरी कुणी विचारलं? सगळ्यांनी माफच करून टाकलं! न विचारता!"

धाकट्याला वाटलं, आता आपण हिला गप्प बस म्हणायला हवं. पण महिनाभर त्याला जे म्हणायचं होतं ते हिनं म्हणून टाकलं होतं, आणि त्याला तिचा इतका अभिमान वाटला की त्यानं सरळ टेबलावर तिचा हात धरला.

"बरं बाबा," थोरला म्हणाला. "आता विचारतो. प्यायला होतास?"

"नव्हतो, दादा. लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. पुलावर डोळा लागला."

"झालं तर मग."

"काय झालं? पटलं का तुला?"

थोरल्यानं 'हो' म्हणायला क्षणभर उशीर केला. फार नाही, एका आवंढ्याएवढाच. पण धाकट्यानं तो आवंढा पाहिला.

"मला पटलंय," शिट्टी म्हणाली. ती उभ्याउभ्याच जेवत होती. "पण मला पटून काय उपयोग? मी घरची. शिंपीणकाकूंना पटायला हवं, आणि त्यांना पटवायला आपल्या हातात काही राहिलं नाही. त्या पहाटे याला फुंकायला लावलं असतं तर शून्य आलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. ढोल्याभाऊ, तुम्ही याला वाचवायला गेलात आणि बुडवून आलात."

"अगं, मी चांगल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. म्हणून आता सांगते ते सगळ्यांनी ऐका. जेवणं झाल्यावर पुलावर तपासणीचा नाका आहे. इथून निघणारी प्रत्येक गाडी मी थांबवणार. गाडी चालवणारा प्रत्येक माणूस फुंकणार."

थोरला हसला. मग कुणीच हसत नाही असं पाहून थांबला. "माझी पण गाडी?"

"तुझी तर आधी."

"शिट्टी, डोकं ठिकाणावर आहे का? माझंच जेवण, माझ्याच हाताखालची माणसं, आणि तू रस्त्यात मला फुंकायला लावणार? बघे मोबाइल काढून उभेच आहेत तिथं!"

"वन्सं, जेवून घ्या आणि जा बाई," वहिनी मध्ये पडली. तिनं आठवडाभर राबून हा समारंभ उभा केला होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत मातीत चालला होता. "घरातलं चव्हाट्यावर कशाला न्यायचं?"

"ते चव्हाट्यावरच आहे वहिनी. फळीवर खडूनं लिहिलंय."

"पण आम्ही पलीकडे जायचं कसं?" ढोल्या काकुळतीला आला. "दुसरा रस्ता नाही."

"चालत या. चालणाऱ्याला कुणी फुंकायला लावत नाही."

तिनं ताट ठेवलं, हात धुतले, टोपी घातली आणि गोड न खाताच गेली. गोडाची वाटी तशीच राहिलेली पाहून वहिनीला आधी राग आला आणि मग, का कोण जाणे, तिनं ती झाकून बाजूला ठेवली.

आप्पा पंख्याखालच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना कमी ऐकू येतं असा घरात समज होता आणि तो समज त्यांनी मोठ्या निगुतीनं जपला होता. जुने हवालदार ते. खात्यात त्यांची पुण्याई अशी की नवे शिपाई अजून वाकून नमस्कार करत. आता मात्र त्यांना वर बघवत नव्हतं. सुनेनं नाव घेऊन विचारलं होतं, आप्पा, तुम्ही विचारलंत का? नव्हतं विचारलं. पोटच्या पोराला एवढं विचारायची त्यांना भीती वाटली होती. तो 'हो' म्हणाला तर काय करायचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते पाठीवर हात ठेवून पावसापाण्याचं बोलत राहिले. आयुष्यभर परक्यांना प्रश्न विचारून पोट भरलं आणि घरच्याची वेळ आली तेव्हा वाचा बसली, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकडं थोरल्यानं खिशातून फोन काढला होता. "एक फोन करतो. तिच्या साहेबाला सांगतो, आजचा नाका उद्यावर ढकल. दोन मिनिटांचं काम आहे."

"हेच बरं," कुणीतरी म्हणालं.

आप्पांनी पाण्याचं भांडं उचललं आणि टेबलावर दाणकन आपटलं. पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं, पण तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"फोन ठेव."

"आप्पा, तुम्ही यात..."

"ठेव म्हणतो ना! 'घरचा आहे' हा शब्द खात्यात कुणी आणला, सांग बघू."

थोरला गोंधळला. "तुम्हीच. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना अर्धाच ठाऊक आहे. थंडीत आम्ही नाक्यावर उभे असायचो. मालाच्या गाड्यांची ही रांग लागलेली. त्यात आपलं माणूस ड्यूटी करून, झोपेनं पेंगुळलेलं, घरी निघालेलं असायचं. ते कुडकुडत रांगेत कशाला उभं राहील? म्हणून मी ओरडायचो, 'घरचा आहे, आधी घ्या!' आधी घ्या! आधी त्याला तपासा, म्हणजे तो बिचारा लवकर जाऊन अंथरुणावर पडेल. 'जाऊ द्या' असं मी कधी म्हटलं? ते शेपूट तुम्ही लावलंत!"

आता हे खरं होतं की नव्हतं ते देव जाणे. निवृत्तीनंतर आप्पांच्या आठवणी वर्षागणिक थोड्या सुधारत चालल्या होत्या, हे त्यांच्या मुलांना पुरेपूर ठाऊक होतं. पण त्या वेळी, ओल्या धोतराला न जुमानता उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्याला 'पुरावा दाखवा' म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. ढोल्यानं तर मान खाली घातली.

आप्पा काठी टेकत धाकट्याच्या टेबलाशी गेले.

"प्यायला होतास का?"

"नव्हतो, आप्पा."

"मग ऊठ. गाडी काढ. आपण घरचे ना? मग आपण आधी."

"मी?" धाकट्यानं त्या पहाटेपासून गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आजही बायकोच चालवत घेऊन आली होती.

"तू नाही तर कोण? मी शेजारी बसतो. डोळा लागला तर काठी आहे माझ्याकडे."

धाकटी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तिनं पर्समधून किल्ली काढून नवऱ्याच्या हातात ठेवली.

ते तिघं बाहेर पडले. हॉलमध्ये उरलेल्यांनी थोरल्याकडं पाहिलं. थोरला हातात किल्ली घेऊन उभा होता. मोठ्या गाडीची, बढतीच्या आनंदात घेतलेल्या गाडीची. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या कानशिलांवर दिसत होतं. आणि वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं तळहात पसरला.

"किल्ली."

"कशाला?"

"गाडी मी नेते."

"तुला ही गाडी झेपायची नाही."

"तुम्ही झेपलात, गाडीचं काय घेऊन बसलात?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरल्यानं रागानं वळून पाहिलं, पण बायकोच्या चेहऱ्याकडं परत पाहताच त्याचा राग कुठल्या कुठं गेला. ती चेष्टा करत नव्हती. लग्नाच्या वेळी होती तशी, नाकाचा शेंडा लाल करून उभी होती. तो समारंभ, ती ताटं, ते पाहुणे, सगळं तिनं त्याची मान ताठ राहावी म्हणून केलं होतं; आणि आता ती त्याच मानेसाठी किल्ली मागत होती. त्यानं किल्ली दिली.

बाहेर येऊन गाडीचं मागचं दार उघडून तो आत बसणार होता. तेवढ्यात त्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं. ती सगळी हातात किल्ल्या घेऊन, साहेब काय करतात ते बघत होती. साहेब बायकोच्या गाडीत बसून गेले असते तर मागं या लोकांनी काय केलं असतं, हे त्याला त्याच क्षणी लख्ख दिसलं. त्यानं दार लावलं.

"मी चालत येतो," तो म्हणाला. "चला रे. ज्यांनी घेतलीय त्यांनी किल्ल्या खिशात टाका. नाहीतर बायकांना द्या. त्यांना काय झेपतं ते आत्ताच कळलंय."

पुलाच्या टोकाला रिक्षांचा थांबा होता, त्याच्या समोर शिंपीणकाकूंचं दुकान आणि दोन्हीच्या मधोमध शिट्टी फुंकणी घेऊन उभी होती. आपण म्हणालो ते खरं, पण कुणी आलंच नाही तर? दादानं फोन केला तर? वरून हुकूम आला तर तिला नाका उचलावा लागणार होता, आणि तो उचलताना हे सगळे रिक्षावाले बघणार होते. भीती तिलाही वाटत होती. पण वर्दीतल्या माणसाची भीती बाहेरून दिसत नाही, एवढं एक बरं.

रिक्षावाल्यांमधला एक जण रेडिओ या नावानं ओळखला जाई. गावातलं काहीही त्याच्या तोंडून प्रसारित झाल्याशिवाय घडलं असं कुणी मानत नसे.

"काय मॅडम, आज घरच्यांचं जेवण ना?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मग नाका कुणासाठी? आमच्यासाठीच असेल!"

"इकडं या," शिट्टी म्हणाली. "वाचता येतं ना?"

तिनं नवी नळी लावली, फुंकणी तोंडाला धरली आणि स्वतः फुंकली. मग यंत्र त्याच्यापुढं धरलं. "वाचा. मोठ्यानं."

रेडिओ चपापला. "शून्य," तो म्हणाला.

"आज सगळं तुम्हीच वाचायचं."

तेवढ्यात पुलावरून पहिली गाडी आली, इतक्या हळू की सायकलवाले तिला मागं टाकत होते. स्टिअरिंगवर धाकटा, शेजारी आप्पा काठी उगारून, मागं धाकटी. शिट्टीला वाटलं, धावत जावं आणि तिघांना मिठी मारावी. तिनं हात वर करून गाडी थांबवली.

"खाली उतरा," ती भावाला म्हणाली, अगदी परक्याला म्हणावं तसं.

धाकट्यानं फुंकलं. रेडिओ म्हणाला, "शून्य." आता त्याचा आवाज बदलला होता. पण टाळी कुणीच वाजवली नाही, कारण शिंपीणकाकू गळ्यात माप घेण्याची टेप तशीच लटकवून दुकानाच्या पायरीवर आल्या होत्या.

"आजचं शून्य आजचं," काकू म्हणाल्या. "त्या दिवसाचं काय?"

"त्या दिवसाचं माझ्याकडे काही नाही, काकू. मी प्यायलो नव्हतो. झोप लागली होती. पण मला फुंकायला लावलं नाही आणि मीही लावा म्हणालो नाही. घरी जा म्हणाले, गेलो."

"आणि महिनाभर तोंड लपवून बसलास."

"बसलो."

"माझ्याकडं यायला काय झालं होतं?"

"लाज वाटत होती."

काकूंनी त्याच्याकडं नखशिखांत पाहिलं, कापडाचा ताणा बघावा तसं. एवढ्यात दुसरी गाडी आली, पहिल्या गिअरमध्ये घुमत, आचके देत, आणि थांबायच्या जागेपासून बरीच पुढं जाऊन थांबली. थोरली वहिनी उतरली. तिचे केस विसकटले होते आणि चेहरा असा फुलला होता की शिट्टीनं तिला ओळखलंच नाही.

"शून्य!" रेडिओ ओरडला.

"परत एकदा फुंकू का?" वहिनीनं विचारलं.

तिच्या मागून आणखी गाड्या आल्या. हवालदारांच्या, शिपायांच्या, आणि बहुतेकांच्या स्टिअरिंगवर बायका. त्यात एक ढोल्याचीही होती, त्याची बायको उतरताना म्हणाली, "ह्यांना म्हटलं, तुम्ही चाला, तेवढंच पोट उतरेल." शून्य. शून्य. शून्य. रेडिओचा घसा बसायला आला. मग तो एकदम गप्प झाला आणि पुलाकडं बघत राहिला.

भर उन्हात, पुलाच्या कडेकडेनं, निम्मं पोलीस ठाणं चालत येत होतं. ठेवणीतले कपडे घामानं भिजलेले, बूट हातात घेतलेला एखादा, आणि सगळ्यांच्या पुढं नवा साहेब. त्याच्या पोटावरचं बटण अखेर वाटेत कुठंतरी शहीद झालं होतं.

"आयला," रेडिओ हळूच म्हणाला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रसारण केलं: "घरचे चालत आले रे!"

आधी हशा उसळला. रिक्षांमधून, दुकानांमधून, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांमधून. तो कुचेष्टेचा नव्हता, हे चालणाऱ्यांनाही कळलं, कारण त्यांच्यातलेही काही जण हसायला लागले. आणि त्या हशातून कधी टाळ्या सुरू झाल्या ते कुणालाच सांगता आलं नसतं. शिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिनं टोपी पुढं ओढली.

थोरला थेट तिच्यापुढं येऊन थांबला. "आण इकडं फुंकणी."

"तुला गरज नाही, दादा. तू चालत आलास."

"आण म्हणतो ना." त्यानं फुंकलं. "वाच रे मोठ्यानं."

रेडिओनं यंत्राकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं, आणि घाबरत घाबरत आकडा वाचला. तो शून्य नव्हता. शून्याच्या जवळपासही नव्हता.

"म्हणून चालत आलो," थोरला मोठ्यानं म्हणाला. मग तो वळला. धाकटा गाडीला टेकून उभा होता. "आणि हा चालवत आला. त्या दिवशीही हा प्यायला नव्हता. मला कुणी सांगितलं म्हणून नाही म्हणत. मी माझ्या भावाला ओळखतो, आणि ते म्हणायला मला आज उशीर झाला."

त्याच्यामागून ढोल्या पुढं आला. "काकू, त्या दिवशी 'आधी घ्या' म्हणायचं ते मी 'जाऊ द्या' म्हणालो," तो म्हणाला. "चूक माझी."

काकू पायरीवरून खाली उतरल्या. त्यांनी थोरल्याच्या उघड्या पडलेल्या पोटाकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं.

"साहेब, खाकी कापड आहे का घरी?"

"महिनाभर पडून आहे."

"उद्या आणा. माप मात्र नव्यानं घ्यावं लागेल. जुन्या मापाचा आता काही उपयोग नाही."

पुन्हा हशा उसळला, आणि या वेळी सगळ्यात जोरात थोरली वहिनी हसली. काकू धाकट्याकडं वळल्या.

"आणि तू रे. आत ये. ही फळी काढायची आहे, नवी काच आणून ठेवलीय, ती मला एकटीला उचलत नाही." त्या दोन पावलं चालून थांबल्या. "गाडी मात्र बाहेर लावून ये."

धाकट्यानं गाडी रिक्षांच्या मागं नीट, रेघेत लावली. आप्पांनी खाली उतरून ती रेघ तपासली. मग तो रस्ता ओलांडून दुकानात गेला, आणि त्या महिन्याभरात पहिल्यांदा तो ताठ मानेनं चालताना दिसला. आतून फळीचे खिळे निघाल्याचा आवाज आला. धाकटी पदर खोचून काचेची एक बाजू धरायला मागोमाग गेली.

रस्ता हळूहळू मोकळा झाला. रेडिओनं रिक्षा सुरू केली, गिऱ्हाईक बसवलं आणि निघाला. तोच त्याच्या कानाशी कर्कश शिट्टी वाजली. फौजदारबाई फुंकणी घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या.

रेडिओनं दोन्ही हात जोडले.

"मॅडम, मी घरचा नाही हो! मला तरी जाऊ द्या!"

"मग रांगेत थांबा," शिट्टी म्हणाली. "घरचे संपले, आता तुमचा नंबर."